अगोदर हात, मग बॅट

महाड एसटी स्टँडच्या रांगेत माझ्यापुढची अलीशबा मिटलेली छत्री बॅटसारखी फिरवत होती, म्हणून मी दोन पावलं मागे सरकले. उद्या तिची जिल्ह्याच्या बेसबॉल संघासाठी निवड चाचणी होती आणि तिचे फुरकानमामू पार वैतागले होते.

"परत टोक जमिनीवर टेकवलंस. हे क्रिकेट नाय."

"हाताला सवय हाय, मामू."

"खांद्यामागे धर. अगोदर हात पुढं काढ, टोक मागून येऊ दे. तू सगळं एकदम ढकलतेस, बंद पडलेली रिक्षा ढकलावी तशी."

"मग असं?"

"अस्सं. आता जमलं. पण छत्री कुठं गेली?"

"मूठ हाय माझ्याकडं. बाकीची बसच्या टपावर."

"मामीची नवी छत्री होती ती. तिला काय सांगू आता?"

"उद्या माझी निवड होऊ दे, मग सांगा."