दुसऱ्या कपाचं गाणं

(न्यूयॉर्कमधला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ. वादक मधल्या सुट्टीत बाहेर गेलेत. आत दोघी बहिणी: इरिनी काल्फास, ऑपेराची नामांकित गायिका, आणि तिची थोरली बहीण अँथी. काचेपलीकडे निर्माता मॉर्टी झेलर. त्याचा आवाज स्पीकरमधून येतो.)

अँथी : ...आणि 'कप' म्हणताना तू एवढा मोठा आ करतेस, की त्यात बशीसुद्धा मावेल.

इरिनी : तुला चुका काढायला नव्हतं बोलावलं.

अँथी : मग कशाला बोलावलंस? चारदा गायलीस, चारही वेळा मी तोंडाला कुलूप लावून ऐकलं. आता माझी पाळी. आधी बस बघू कुठेतरी. केव्हाच्या येरझाऱ्या चालल्यात तुझ्या.

इरिनी : बसलं की घसा आवळतो.

अँथी : चालून तरी कुठे सुटलाय? घे, ही तिळाची गोल कुलुरी खा. अस्टोरियाहून आणलीय, आपल्या कोपऱ्यावरच्या ग्रीक बेकरीतली.

इरिनी : तीळ अडकतात घशात.

अँथी : चीजनं कफ होतो, तिळानं खोकला येतो, खिडकी उघडली की वारा लागतो. तुझा घसा म्हणजे तुला सासूच झालाय बाई.

मॉर्टी : इरिनी, तुमच्या टाचा वाजतायत. मी इथे चौथा टेक ऐकतोय.

इरिनी : कसा आहे?

मॉर्टी : सुंदर.

इरिनी : सकाळपासून तुम्ही नुसतं 'सुंदर' म्हणताय. काय बिघडलंय ते सांगा ना.

मॉर्टी : काही बिघडलेलं नाही. सूर चोख, शब्द न् शब्द कळतो. पण गाणं आहे ब्रॉडवेच्या एका जुन्या संगीत नाटकातलं, धक्क्यावरच्या खानावळीतल्या एका वाढपिणीचं. शेवटची बोट येऊन जाते, तरी ती बाई टेबलावर दुसरा कप मांडून ठेवते. आणि तुमचं ऐकताना मला वाटतं, हिच्या घरी चार नोकर असतील, तेच मांडतील.

अँथी : बघ. मी बशी म्हटलं, यांनी नोकर म्हटले. एकच गोष्ट.

मॉर्टी : मी महिनाभर विनवण्या करतोय की पट्टी वर घेऊ. अरेंजरनं वरच्या पट्टीत वाद्यांचं सगळं लिहूनही दिलं होतं. तुम्हीच हट्ट धरलात.

अँथी : थांबा. पट्टी हिनं निवडली? मला वाटलं, तुम्ही लोकांनी लादलीय.

मॉर्टी : आमची काय टाप? 'मूळ पट्टीतच गाईन, नाहीतर गाणंच नको.' हे यांचे शब्द.

अँथी : रिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुझा आवाज गच्चीवरचा. तुला तळघरात कोणी उतरायला सांगितलं होतं?

इरिनी : हे गाणं त्याच पट्टीतलं आहे.

अँथी : तुला गं काय माहीत? त्या नाटकात मी होते, तू तर त्याचा एक खेळ पाहिलासुद्धा नाहीस.

इरिनी : मॉर्टी, वेळ किती उरलाय?

मॉर्टी : वादक परत आले की एका टेकपुरता. फार तर एक आणि थोडा. मग युनियनचा माणूस घड्याळ दाखवणार आणि चाळीसच्या चाळीस माणसं वाद्यं पेटीत ठेवून चालायला लागणार. मी गुडघे टेकले तरी थांबणार नाहीत. पुन्हा जमवायचं तर कंपनी पैसे देणार नाही. हे आजच व्हायला हवं. तबकडीचं नावच 'दुसरा कप' आहे, इरिनी. कव्हर छापून तयार आहे.

इरिनी : माहीत आहे मला. पुन्हा पुन्हा सांगू नका.

अँथी : ओरडू नकोस त्यांच्यावर. आणि तो स्कार्फ एकतर घाल नाहीतर काढ. तुझ्याकडे बघून मलाच धाप लागायला लागलीय.

इरिनी : तू कशी म्हणायचीस दुसरं कडवं?

अँथी : मी काय म्हणायची? म्हणायची ती लोरेन हेल, नाटकाची नायिका. मी तिची बदली. समूहात ट्रे घेऊन इकडून तिकडे जायचं आणि मनात तिच्या सगळ्या ओळी तयार ठेवायच्या. तीन वर्षं रोज देवाला म्हणायची, तिला सर्दी होऊ दे. मोठं काही नको, नुसती सर्दी. बाईची तब्येत घोड्यासारखी.

इरिनी : एकदा झाली ना सर्दी.

अँथी : एकदा. बुधवारी, दुपारच्या खेळाला. आणि लोकांच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी सारली, 'आज लोरेन हेल यांच्याऐवजी ॲन कोल.' म्हणजे मी. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. चिठ्ठी वाचली की माणसं असा सुस्कारा सोडतात, जेवायला बसल्यावर 'मटण संपलं' म्हणून सांगितल्यासारखा. निम्मी उठून तिकीटखिडकीवर गेली, पैसे परत मागायला. आता त्याच खिडकीच्या आत मी बसते. अजून तसंच आहे. बदलीचं नाव लागलं की रांग.

इरिनी : पण जी बसली, ती?

अँथी : ती बसली. जाऊ दे ना. कशाला उकरतेयस?

इरिनी : दुसरं कडवं म्हणून दाखव.

अँथी : वेडी का काय? माझा आवाज पाहिलास? रोज सिगरेट, रोज 'पुढे सरका, पुढे सरका.'

इरिनी : मला तेवढं कळू दे. अँथी, माझा जीव टांगलाय इथे. ऑपेरानं पुढच्या वर्षासाठी विचारलं नाही. अजून कोणाला सांगितलेलं नाही मी. माझ्या हातात आता ही एक तबकडी आहे आणि तिच्यातलं मुख्य गाणंच मला येत नाही.

अँथी : विचारलं नाही म्हणजे?

इरिनी : म्हणजे विचारलं नाही.

अँथी : ...मेल्यांची जीभ झडो. बरं. बघ इकडे. तू ते गाणं लोकांना ऐकवतेस. ती बाई कोणाला ऐकवत नाहीये. तिचं काम संपलंय, पाय दुखतायत, ती स्वतःशी बोलतेय. हा कप आहे असं समज. आणि मला बघू नकोस, मला लाज वाटते. मीच पाठ करते. मी हळूच म्हणते.

इरिनी : ...गाता गाता थांबलीस का? कडवं पुरं कर ना.

अँथी : पुरंच झालं की. संपलं ते.

मॉर्टी : आत्ता कोण गायलं?

अँथी : अगं बाई. यांना एवढं हळू म्हटलेलंही ऐकू येतं?

मॉर्टी : माइक चालू होता. कोण गायलं, इरिनी?

इरिनी : घेतलंत का ते? मॉर्टी, टेपवर घेतलंत?

मॉर्टी : नाही. सुट्टीत मशीन बंद. नियम आहे युनियनचा. नोकरी गेली असती माझ्या इंजिनियरची. तो इथे डोकं धरून बसलाय. तुम्हीच होतात का त्या, बाई?

अँथी : चुकून झालं. ही ऐकेना, म्हणून दाखवत होते. इरिनी, तू आता तसं म्हण.

इरिनी : नाही येणार.

अँथी : येईल. जरा तोंड कमी उघड.

इरिनी : अगं, मी सकाळपासून तेच तर करतेय. चारही वेळा मी तुझीच नक्कल केली. कप पुसायचा फडका विसरलीस आणि ओला कप तसाच पोटाशी धरून गायलीस, तिथपर्यंत सगळं आठवून आठवून गायले. नाही जमलं.

अँथी : काय म्हणालीस?

इरिनी : काही नाही.

अँथी : फडक्याचं तुला कोणी सांगितलं? ते मी कोणाला बोलले नाही. तीन वर्षं एकही वस्तू विसरले नव्हते आणि नेमकी त्या दिवशी विसरले, म्हणून लाजेनं कोणाला सांगितलं नाही. मॅनेजरनंसुद्धा पाहिलं नव्हतं.

इरिनी : मी पाहिलं. उभ्याचं तिकीट काढलं होतं. मागच्या रांगेच्या मागे, डाव्या खांबाला टेकून उभी होते.

अँथी : तू आली होतीस?

इरिनी : हो.

अँथी : बाबा आयुष्यात पहिल्यांदा दुकान बंद करून आले. आईनं चर्चचा कोट घातला. दोघं मला विचारतायत, रिनी कुठाय, रिनी कुठाय. मी सांगितलं, तिच्या गाण्याच्या मास्तरीणबाई सोडत नाहीत. आणि तू खांबामागे?

इरिनी : मला भीती वाटली. मी तेव्हा रात्रंदिवस घसा घासत होते, आणि तू आवाजसुद्धा चढवला नाहीस आणि शेजारचा म्हातारा टोपीत तोंड घालून रडायला लागला. मला वाटलं, याला गाणं म्हणत असतील तर मी करतेय ते काय? तुला भेटले असते तर त्याच दिवशी गाणं सोडलं असतं.

अँथी : तुझ्या प्रत्येक खेळाला मी आले. मला त्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही, तरी आले. आणि दर वेळी टाळ्या वाजवताना एकच मनात, मी येते, आणि ही माझ्या एका दुपारी आली नाही. हे मी इतकी वर्षं पोटात ठेवलं, रिनी. आई गेली तेव्हाही तेच. तुझ्या गळ्यात पडून रडताना तेच.

इरिनी : मला कळायचं ते.

अँथी : कळायचं, आणि सांगितलं नाहीस. फार वाईट आहेस तू.

इरिनी : आहे.

मॉर्टी : मी मध्ये बोलू नये, पण वादक जिना चढतायत.

इरिनी : मॉर्टी, माझा घसा बसलाय.

मॉर्टी : काय? आत्ता तर ठणठणीत बोलताय.

इरिनी : बोलण्याचं नका सांगू. गाता येणार नाही. स्टारचा घसा कधी बसतो ते स्टार ठरवते. आणि स्टार आजारी पडली की बदली उभी राहते. तुमच्या ब्रॉडवेचाच रिवाज आहे ना?

अँथी : ए, ए. काय चाललंय तुझं?

मॉर्टी : इरिनी, कव्हरवर तुमचा फोटो आहे. लोक तुमचं नाव बघून विकत घेणार.

अँथी : बरोबर बोलतायत ते. आणि माझं बघून परत करतील. मला विचारा, खिडकीवर मी असते.

इरिनी : मॉर्टी, माझ्या मंजुरीशिवाय एकही गाणं तबकडीवर चढायचं नाही, असं ठरलंय ना आपलं? चारही टेक मी नामंजूर करते. एकतर ही गाईल, नाहीतर 'दुसरा कप' नावाच्या तबकडीत दुसरा कप नसेल. तुम्हीच ठरवा.

मॉर्टी : हा शुद्ध आडमुठेपणा आहे.

इरिनी : ऑपेरातल्या बाया त्यासाठीच प्रसिद्ध आहेत.

मॉर्टी : कंपनी माझी सालटी काढेल. थांबा. मला जरा विचार करू द्या.

अँथी : अहो, विचार काय करताय? रिनी, मला तुझी दया नकोय. उशिरा आलेली तर मुळीच नको.

इरिनी : दया कसली? मला ते येत नाही आणि तुला येतं. एवढंच आहे. माझं हसं होईल त्यापेक्षा तू गा.

अँथी : तू हे आधीच ठरवून मला बोलावलंस. खरं सांग, आईची शपथ.

इरिनी : आईची शपथ, नाही. सकाळपर्यंत वाटत होतं, जमेल मला.

अँथी : मग पट्टी?

इरिनी : पट्टी तेवढी ठरवली होती. तुझीच.

अँथी : मी साठीची बाई आहे गं. श्वास पुरला नाही तर?

इरिनी : नाही पुरला तर तिथे थांब. ती बाई पण दमलेलीच आहे.

अँथी : चाळीस माणसं बघतील.

इरिनी : त्यांच्याकडे पाठ कर. मघाशी केलीस तशी. मॉर्टी, माइक थोडा खाली घ्यायला सांगा. ही माझ्यापेक्षा ठेंगणी आहे.

मॉर्टी : इंजिनियरनं मला न विचारता उठून घ्यायला सुरुवात केलीय. बरं. ठीक आहे. कंपनीचं मी बघतो. बाई, कप हवाय का हातात? माझा आहे, कॉफीचा. विसळून देतो.

अँथी : पुसू नका. ओलाच द्या.

इरिनी : थू, थू, थू.

मॉर्टी : अहो, माइकवर थुंकू नका, फार महाग आहे तो.

इरिनी : दृष्ट लागू नये म्हणून. आई असती तर तिनंही केलं असतं.

मॉर्टी : टेकच्या आधी नाव बोलावं लागतं, बाई. काय म्हणू? इरिनी काल्फास यांच्याऐवजी ॲन कोल, असं?

अँथी : ॲन कोल कोणी नव्हतीच. काल्फास बोर्डावर मावत नाही म्हणून एजंटनं कापलं होतं. रिनीचं ऑपेरात चाललं, तिथे परदेशी नावाला भाव. तुम्ही अँथी काल्फास म्हणा. आणि 'ऐवजी' म्हणू नका.

मॉर्टी : अँथी काल्फास. बस, एवढंच?

अँथी : एवढंच. रिनी, तू कुठे चाललीस? मला एकटीला सोडून जाऊ नकोस इथे.

इरिनी : कुठे नाही. मी मागे उभी राहते. मागच्या वेळी तिथून नीट ऐकू आलं होतं.