रिकाम्या यानात कोण बसलं

बैकोनूरला पावाच्या रांगेत माझ्यापुढे दोघं होते. पुढे क्लावदिया मावशी; तिचा मुलगा अंतराळात अडकलेला, त्याचं परतीचं यान बिघडलेलं. तिच्या मागचा साव्हेली यानाच्या कारखान्यातला.

“उद्या दुसरं पाठवताय म्हणे. रिकामंच?”

“हो, मावशी. ते आपलं आपण जातं.”

“निघताना मिनिटभर गप्प बसलं की माणूस सुखरूप परततो. त्यात बसणार कोण?”

“बसलो की आम्ही काल. तीन खुर्च्या, तिघं जण.”

“साहेब ओरडले नाहीत?”

“साहेब मधल्या खुर्चीत होते.”

“माझ्या पोराच्या खुर्चीत?”

“मी.”

“मिनिटभर गप्प? तू?”

“पूर्ण मिनिट. नाकावर माशी बसली होती.”

“हाकललीस?”

“नाही.”

“ये, माझ्यापुढे उभा राहा.”