बिशपची बदली

ओतीलिया : ...आणि पोपट? तुमच्या सलूनमध्ये पोपट आहे ना?

फाउस्तो : आहे वहिनी. पण आता थकलाय. नुसता बसून शिव्या देतो.

ओतीलिया : झालं! आमच्या बिशपच्या कानावर आजवर एक वावगा शब्द पडलेला नाही.

रामिरो : अगं, कुत्रा आहे तो.

ओतीलिया : तुम्ही बोलूच नका! तो पाववाला आणलात, त्याच्या अंगणात ही कोंबड्यांची जत्रा. बिशप कोंबड्यांना किती भितो, ठाऊक नाही तुम्हाला?

रामिरो : ह्याला सांभाळायला सात जण आणले, सातही तू हाकललेस. परवा सामानाचा ट्रक दारात उभा राहील. बोगोतात पोराचं घर तिसऱ्या मजल्यावर, घरमालकाला कुत्रं चालत नाही. भांड्यांच्या खोक्यात घालून नेऊ का ह्याला?

ओतीलिया : मावेल?

रामिरो : ओतीलिया!

फाउस्तो : वहिनी, पोपट बहिणीकडे पाठवतो. तिच्या नवऱ्याला ऐकू येत नाही.

ओतीलिया : बरं. सकाळी खायला काय घालाल?

फाउस्तो : भात, एखादं हाड...

ओतीलिया : हाड! ऐकलंत? अहो, त्याला तळलेलं केळं लागतं. कुस्करून. वर फुंकर मारून.

फाउस्तो : मारीन की.

ओतीलिया : मारून दाखवा.

(फाउस्तो फुंकर मारतो. बिशप उठतो, डुलत येतो आणि त्याच्या पायांवर लवंडतो.)

ओतीलिया : नऊ वर्षं! नऊ वर्षं माझ्या हातचं गिळलं, आणि एका फुंकरीत पक्ष बदलला मेल्यानं!

रामिरो : लागला निकाल.

ओतीलिया : काही लागला नाही. घोरतो हा. गाद्या फाडतो. पाद्रीबाबांची विजार फाडलीय यानं.

फाउस्तो : माहितीये. पळत माझ्याच दुकानात शिरले होते. दाढी नको असताना करून गेले बिचारे.

ओतीलिया : ढग गडगडले की पलंगाखाली शिरतो. मग आपल्यालाही शिरावं लागतं. एकटा थरथरतो हो.

फाउस्तो : वहिनी, माझी बायको ग्लादिस गेल्यापासून घरात पलंगाखाली काय, पलंगावरसुद्धा जागाच जागा आहे. दुकान बंद केलं की त्या पोपटाशिवाय कुणी बोलत नाही माझ्याशी.

ओतीलिया : ...अहो, पट्टा द्या त्यांना. खिळ्याला आहे.

फाउस्तो : माझीपण एक अट आहे. दर रविवारी फोन करायचा. मी त्याच्या कानाला लावीन. तुम्ही ओरडल्याशिवाय हा जेवायचा नाही.

ओतीलिया : मी कुठे ओरडते!

रामिरो : आत्ता कोण ओरडलं?

ओतीलिया : करीन फोन. न्या आता लवकर. मी तोंड फिरवते.

रामिरो : ...गेले गं. कोपरा ओलांडला.

ओतीलिया : वळून बघितलं त्यानं?

रामिरो : नाही.

ओतीलिया : खरं सांगा.

रामिरो : तीनदा.