आजोबांचं नाव

स्टॉर्नोवे बंदरातल्या जन्मनोंदणी कचेरीत मी लेकीला मांडीवर थोपटत बसले होते. शेजारी सासू-सून. सुनेच्या कुशीत तान्हा मुलगा.

"थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव. मर्डो."

"आई, मर्डो म्हणजे दर्याचा लढवय्या. मामंजी त्याच दर्यात गेले, सापडलेही नाहीत. मी रोरी ठेवणार. लाल राजा."

"डोक्यावर चार केस नाहीत, लाल कधी होणार? अगं, नाव कुणी घेतलं नाही की गेलेला माणूस ते शोधत फिरतो."

"म्हणून सकाळीच लाडीगोडी चालली होती वाटतं?"

"कसली?"

"मी आंघोळीला गेले होते. पाळण्यापाशी तुमचं 'मर्डो, मर्डो' चाललं होतं. हा खिदळत होता. किती घोगरा झालाय आवाज तुमचा. आणि पाणी सांडलंत, ते मीच पुसलं."

"शोनाग, मी बहिणीकडून थेट इथे आले. घरी गेलेच नाही. तुझा नवराही बोटीवर आहे."

आतलं दार उघडून कारकून डोकावला.

"या. बाळाचं नाव काय?"

सुनेनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"रोरी," सासूबाई म्हणाल्या. "जरा लवकर लिहा."