एक नंबरचं खोकं

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "खोक्यांवर नंबर टाकायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?" अहो, सांगायला कशाला लागतं? एकतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलीत मी! तिथला एक वॉशर इकडचा तिकडे झाला तर मला घरी बसून ठसका लागतो, आणि माझ्या स्वतःच्या घराचं सामान मी बिननंबरी ट्रकमध्ये चढू देईन? एकाहत्तर खोकी, तुम्हाला सांगतो! प्रत्येकावर चारी बाजूंनी नंबर, वर नंबर, खालीसुद्धा नंबर... "खाली कशाला?" आमची ही म्हणाली. म्हटलं, खोकं उलटं ठेवलं तर? तर म्हणते, "उलटं ठेवलं तर आतलं तेल सांडेल, मग काय नंबर चाटायचाय?" आता याला काही उत्तर आहे का? नाही. म्हणून मला ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं. घर बदलताना दिवसातून दहा वेळा ऐकू येता कामा नये. लिहून घ्या, कामाला येईल.

हसताय काय? तुमच्यावरही ही पाळी येणार आहे कधीतरी, म्हणून जीव तोडून सांगतोय. कपबशा गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं घेऊ नका. का? कपबशा फुटतात? छे हो, फुटतायत कुठल्या! वर्तमानपत्रं वाचली जातात! ही बसली एक बशी गुंडाळायला, आणि पाच मिनिटांनी आतून आवाज, "अहो, हे बघा, कुणाचा तरी कुत्रा हरवलाय हो... सापडला का तो?" चार वर्षांपूर्वीचा पेपर! मला काय माहीत सापडला का? मी काय कुत्र्याचा मामा आहे? सहा बशांना दोन तास लागले. आणि खोटं कशाला बोलू, पाचव्या बशीला मीही शेजारी मांडी घालून बसलो होतो, कारण कुत्र्याची पुढची बातमी त्या बशीवर निघाली. तेव्हा टॉवेल घ्या, चादरी घ्या, मोजे घ्या, पण छापलेलं काही घेऊ नका. सामान भरायच्या दिवशी घरात एक अक्षर दिसता कामा नये. लिहून घ्या, कामाला येईल.

चहाचं सामान सगळ्यात शेवटी भरायचं, हे तर लहान पोरालाही कळतं. टेबलाचे स्क्रू काढले की पुडीत घालून त्याच टेबलाच्या पायाला बांधायचे, हेही कळतं. कळत नाही ते... म्हणजे मला कळलं नाही ते वेगळंच. ते सांगायलाच तर तुम्हाला धरून बसवलंय.

आमचे बाबा. वय ब्याऐंशी, जीभ पंचविशीतली. त्यांना दम्याचा त्रास, म्हणून तो तोंडात मारायचा पंप असतो ना, तो कायम शर्टाच्या खिशात. आंघोळीला गेले तरी शर्ट दारामागे दिसेल असा टांगायचा. सहा महिन्यांत एकदाही लागला नव्हता, पण खिशात पाहिजेच. सामान हलवायच्या दिवशी सकाळी माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. म्हटलं, "बाबा, आज गडबड आहे, वाकाल, उठाल, खिशातून पडेल कुठेतरी. द्या इकडे, मी व्यवस्थित ठेवतो." ते म्हणाले, "अरे, माझ्या खिशात काय खुपतंय तुला?" पण मी ऐकतोय होय! काढून घेतला.

आणि ठेवला कुठे? एक नंबरच्या खोक्यात! मोठ्या अक्षरांत वर लिहिलेलं, 'अत्यंत महत्त्वाचे.' त्यात घराची कागदपत्रं, हिचा जाड भिंगांचा चष्मा, बाबांचा पंप, पंपाची डॉक्टरांची चिठ्ठी, आणि कुठल्या खोक्यात काय आहे त्याची यादी. भोवती चिकटपट्टीचे अकरा वेढे. जे सगळ्यात महत्त्वाचं, त्याचा पहिला नंबर, आणि जे पहिल्या नंबरचं, ते पहिलं गाडीत! आहे की नाही बिनतोड? मलाच इतकं कौतुक वाटलं की मी ते हिला दोनदा समजावून सांगितलं.

ट्रकपाशी मुकादम उभे होते. हमालांचे मुकादम, साठीचे, बुटके, खांद्यावर दोरखंड. मी एक नंबर पुढे केला तर म्हणाले, "साहेब, हे असू द्या बाजूला. आधी कपाट, मग फ्रीज. असंच भरावं लागतं." मी म्हटलं, "अहो मुकादम, एकतीस वर्षं माल लावलाय मी! नंबरानेच जाईल." ते पुन्हा म्हणाले, "साहेब, ते खोकं..." आणि मी ओरडलो हो. चारचौघांत ओरडलो. "तुम्ही उचलायचं काम करा, विचार करायचं काम माझ्याकडे आहे!" असं म्हणालो. माझ्या वयाच्या, सकाळपासून माझं ओझं वाहणाऱ्या माणसाला! ते "बरं, साहेब," म्हणाले आणि खोकं नेऊन पार आत, ड्रायव्हरच्या केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मी समाधानाने स्वयंपाकघर तपासायला वर गेलो. हमालांशी भांडू नका. एकवेळ बायकोशी भांडा, ती निदान तुमचं सामान ओळखते. लिहून घ्या, कामाला येईल.

नवं घर दुसऱ्या मजल्यावर, सात महिने बंद. बाबांना खुर्चीत बसवलं आणि हिने केरसुणी घेतली. म्हटलं, अगं, आत्ता नको! तर म्हणे, "मग काय धुळीवर सामान ठेवू?" पुन्हा मला ऐकू आलं नाही. पण ही धूळ म्हणजे... सात महिन्यांची, वर उठली ती खाली बसायचं नाव घेईना. आणि बाबा खोकले. एकदा. मग परत. मग खोकला थांबला आणि ती शिट्टी सुरू झाली, छातीतून येते ना, ती. खांदे वर खाली, वर खाली...

हिने केरसुणी फेकली, खिडक्या उघडल्या. बाबांचा हात खिशाकडे गेला. खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. आणि माझ्याकडे बघितलं... बस्, नुसतं बघितलं. बोलायला श्वासच नव्हता. माझ्या उभ्या आयुष्यात हा माणूस माझ्यासमोर कधी गप्प बसला नव्हता हो! "पंप कुठाय?" ही ओरडली. "एक नंबरमध्ये!" "एक नंबर कुठाय?" आणि तेव्हा, जिन्याच्या दारात उभा असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. जे आधी भरलं ते शेवटी निघणार! मीच लावलंय! माझ्या हुशारीने माझ्या बापाचा श्वास मी कपाट, फ्रीज, सोफा आणि सत्तर खोक्यांच्या मागे नेऊन ठेवलाय! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर गोठाच रिकामा! औषधाचं दुकान शोधावं तर भागात ओळखीचं कुत्रं नाही, आणि चिठ्ठीसुद्धा त्याच खोक्यात.

जिना कसा उतरलो ते विचारू नका. ट्रकमध्ये चढलो, गादीवरून घुसलो, आणि गादी नि कपाट यांच्यामध्ये असा अडकलो की पुढे जाता येईना, मागे येता येईना. नुसते पाय बाहेर. मागून मुकादमांचा शांत आवाज, "साहेब, कुठं निघालात?" मी आतून ओरडतोय, "एक नंबर! बाबांचा पंप! श्वास..."

त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. धावले ते पुढे, ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं, आणि सीटवरून खोकं उचललं. एक नंबरचं! मी वर गेल्यागेल्या त्यांनी ते बाहेर काढलं होतं. सबंध वाट मांडीवर घेऊन बसले होते. माझी वाट न बघता जिना चढले, साठीचा माणूस, दोन दोन पायऱ्या एकदम. मी गादीतून सुटून वर पोचेपर्यंत त्यांनी माझे अकरा वेढे दातांनी फाडले होते, दातांनी! आणि ही बाबांच्या तोंडाशी पंप धरून म्हणत होती, "घ्या बाबा, हं, ओढा... अजून एकदा..." समोरच्या दारातल्या बाई, ज्यांचं नावही आम्हाला माहीत नव्हतं, ओल्या फडक्याने जमीन पुसत होत्या, धूळ बसावी म्हणून. कुणी बोलावलं त्यांना? कुणीच नाही!

शिट्टी हळूहळू बारीक झाली. खांदे उतरले. ओठांवर रंग आला. माझा जीव भांड्यात पडला, भांडी कुठल्या खोक्यात होती देव जाणे. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो आणि रडलो, सांगायला लाज कसली! मुकादमांपुढे हात जोडले. म्हटलं, "मी सकाळी तुम्हाला काय काय बोललो..." ते म्हणाले, "असं आहे साहेब, ज्या खोक्यावर 'महत्त्वाचे' लिहिलेलं असतं ना, ते आम्ही मागं टाकतच नाही. घर हलवताना माणूस आपली अक्कल पहिल्या खोक्यात भरतो. आमच्या रोजच्या बघण्यातलं आहे." मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "फ्रीज कुठं ठेवू?"

तेव्हा शेवटचं ऐका. जे लागलं तर जीव वाचेल, ते खोक्यात नाही, ज्याचं त्याच्या खिशात. आणि घर हलवायला आलेल्या माणसाला आधी पाणी द्या, मग खुर्ची, मग सल्ला, आणि सल्ला राहिला तरी चालेल. लिहून घ्या... नका लिहू, पाठच करा.

आणि बाबा? पाच मिनिटं डोळे मिटून बसले. सगळे श्वास रोखून त्यांचा श्वास मोजतोय. मग त्यांनी डोळे उघडले, छान, भरून, पोटापर्यंत एक श्वास घेतला, पहिला पूर्ण श्वास! म्हटलं, आता आशीर्वाद येणार. तर बोट दाखवून म्हणाले, "माझा पलंग त्या भिंतीला नको."

हलवला! अहो, नाचत हलवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, इथे ऊन येतं. हलवला. मग म्हणाले, इथे तुमच्या गप्पा ऐकू येतात. हलवला. परवा चौथी भिंत झाली आणि मी हिला म्हटलं, सुटलो, खोलीला पाचवी भिंत नसते! काल संध्याकाळी हाक आली, अगदी खणखणीत, "अरे, जरा तिरका लावून बघायचा का?"

...लावला. या एकदा घरी. आत यायला जागा नाही, पण या.