पाठीवरचं गोंदण आणि डॉक्टरांची सुई

सत्तावन्न सालचा मे महिना, ऐन उन्हाळा. परळच्या इस्पितळात माझी बायको अडली होती. पाठीत सुई देऊन कंबर बधिर करायची आणि पोट उघडून मूल काढायचं, असं ठरलं. मी आणि आई दाराबाहेर उभे. तेवढ्यात तरुण डॉक्टर तणतणत बाहेर आले.

"कंबरेवर हे कोणी गोंदलंय?"

"मी गोंदवून घेतलं," आई म्हणाली. "पाठ दुखायची सुनेची."

"आता सुईबरोबर शाई आत गेली तर? अडाणीपणा नुसता!"

"दुखण्यावर आमची गोंदणारीण सुई टोचते तो अडाणीपणा, आणि तुम्ही टोचता ती विद्या?"

मुंबई कोणाची, यावर बाहेर सभा चालल्या होत्या. इथे माझ्या बायकोच्या पाठीवर चालली. शेवटी तीच आतून ओरडली, "अहो, ठिपक्यांच्या मधे कोरी कातडी आहे! तिथे टोचा, नि सोडवा मला!"

डॉक्टर आत गेले. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

घरी निघताना आईने डॉक्टरांपुढे शेरभर तांदूळ, नारळ आणि चोळीचा खण ठेवला.

"हे काय, आजी?"

"गोंदणारणीला एवढंच दिलं होतं. तुमचंही देणं बाकी नको."

डॉक्टरांनी खणासकट घेतलं.