जुन्या नावानं हाक

(सोनाळ्यातल्या पाणी वापर संस्थेचं ऑफिस, सकाळचे साडेनऊ. हिंमत कॉम्प्युटरसमोर, फोन स्पीकरवर. पलीकडे जानेफळहून त्याची मोठी बहीण; पाण्याच्या पाळीची यादी काढणाऱ्या प्रोग्रामचा मुख्य भाग, म्हणजे ‘लायब्ररी’, तिनं लिहिलेली. खुर्चीत अध्यक्ष महादेवराव.)

हिंमत: पुन्हा तेच म्हणते ना ताई! तुही लायब्ररीच खराब हाये, मी कवाचा सांगून राह्यलो.

ताई: खराब असती तं काल माह्या इथं चालली कशी?

हिंमत: तुह्या घरी चालते, इथं हापिसात नाई. जानेफळचं वारं येगळं हाये का?

ताई: तोंड आवर. काय लिवून आलं ते वाच. सबन वाच, मनानं गाळू नको.

हिंमत: अनडिफाइन्ड रेफरन्स टू पाणी_वाटप. म्हणजे तुहं फंक्शन सापडत नाई म्हणते. पुढं कंसात इंट.

महादेवराव: हिंमतराव, दहाले सभा. लोक जमून राह्यले. हे जुनं रजिस्टर आणलं हाये आपुन. दर साली जशी पाण्याची पाळी वाचतो तशी वाचू, मामला खतम.

हिंमत: दर साली ते तुमच्याच वावरापासून सुरू होते, साहेब. कालव्याच्या शेवटी पुंजाजी. त्याच्या हरभऱ्याले पाणी पोचतच नाई. औंदा खालून वर द्याचं, ठराव झाला ना?

महादेवराव: झाला. अन् सभेच्या टायमाले कॉम्प्युटरची यादी तयार नसली तं रजिस्टर, हे बी त्यातच हाये. तुमच्याच अक्षरात.

हिंमत: ऐकलं ताई? तुह्या भरोशावर लिवलं होतं मी ते!

ताई: वरडू नको. कंसात इंट म्हणते? तुह्या फाइलचं नाव काय?

हिंमत: मेन डॉट सीपीपी.

ताई: मी तं मेन डॉट सी पाठवली होती. कंडक्टरच्या हाती पेनड्राइव्ह देला, वरून चिठ्ठी लावली, कशाले हात लावू नको म्हणून.

हिंमत: इथला कॉम्प्युटर क्लासवाला म्हणे सी भाषा जुनी झाली, सीपीपी नवी. मंग मी नाव बदलून टाकलं. त्यात काय बिघडते?

ताई: काय बिघडते म्हणे! मी कोणत्या क्लासले गेली नाई, पण लोकायच्या वस्तूचं नाव आपल्या मनानं बदलत नाई. आता लिव: एनएम, हायफन, कॅपिटल डी, लिबपाणी डॉट एसओ. माह्या लायब्ररीत कोणती नावं हायेत ते दाखवते. पाणी_वाटप दिसते का?

हिंमत: दिसते. बाजूले कॅपिटल टी.

ताई: टी म्हणजे बाई घरात हाये, फंक्शन लायब्ररीत हाये. आता तेच तुह्या फाइलीपासून बनेल मेन डॉट ओ वर चालव. बिना डीचं.

हिंमत: यू. मंग अंडरस्कोर झेड दहा पाणी_वाटप, अन् शेवटी आय. हे काय आक्रीत? मी असं लिवलंच नाई!

ताई: यू म्हणजे बाहेरून बोलवाचं नाव. ते तू नाई, कंपायलरनं लिवलं. सीपीपी म्हटलं का तो हरेक नावाले मागंपुढं शेपटं लावते. तो त्या शेपटाच्या नावानं हाका मारून राह्यला, अन् माह्या घरात त्या नावाचं कोणी नाई.

हिंमत: मंग तूच तुह्या लायब्ररीतलं नाव बदल ना. किती येळ लागते?

ताई: मी बदलू?

हिंमत: हाव, मंग कोण?

ताई: पाटावर बसली तवा रुखमा होती, उठली तवा अन्नपूर्णा. ताटातल्या तांदळात बोटानं लिवलं अन् झालं. मले कोणी इचारलं नाई. आता जे एक माह्या हातचं हाये, त्याचं बी नाव तुम्हीच ठेवा!

हिंमत: त्याचा इथं काय संबंध? अन् राग मले याले पायजे. माह्या लग्नाले आली नाई तू. पत्रिका वापस केली! तुही मानाची साडी आजून पेटीत पडेल हाये.

ताई: पत्रिकेवर नाव कोणतं होतं?

हिंमत: बाबानं टाकलं. रुखमा. म्हणे माही पोर रुखमाच.

ताई: अन् सासरे ओट्यावर बसेल. पोस्टमनले म्हणे, ह्या नावाची बाई आमच्या घरात नाई. मी आतमंदी भाकरी थापून राह्यली होती, हिंमत. मले कळलं तवा तुह्या पोराचं बारसं होऊन गेलं होतं.

हिंमत: …सांगतलं काऊन नाई मंग?

ताई: इचारलं कवा तू? फोन करते तं लायब्ररी चालत नाई म्हणून!

महादेवराव: दहाले दहा कमी. घरचं भांडण घरी करा म्हटलं.

ताई: त्याइले म्हण, दहा मिनिटं लय होतात. हिंमत, लायब्ररीले हात लावाचा नाई. तुह्या फाइलीत वरती माह्या फंक्शनचं नाव हाये, त्याच्या आदी लिव: एक्स्टर्न, अन् अवतरणात कॅपिटल सी.

हिंमत: त्यानं काय होते?

ताई: कंपायलरले ताकीद होते. हिले जुन्याच नावानं हाक मार.

हिंमत: लिवलं… जुडलं! एकबी एरर नाई! चालवतो. अवो ताई, आता म्हणते लिबपाणी डॉट एसओ उघडता येत नाई, अशी फाइलच नाई. तिथंच तं हाये, बाजूले! आंधळं हाये का हे?

ताई: जोडतानी पत्ता सांगतला तू, चालवतानी नाई सांगतला. दोन्ही येळा सांगा लागते. आदी लिव: एलडी अंडरस्कोर लायब्ररी अंडरस्कोर पाथ, सबन कॅपिटल. बरोबरचं चिन्ह, टिंब. मंग जागा सोडून तुहा प्रोग्राम.

हिंमत: …निंगाली! ताई, निंगाली यादी! पहिला नंबर पुंजाजी!

महादेवराव: आपला कितवा?

हिंमत: एकतिसावा, साहेब. शेवटचा.

महादेवराव: एकतिसावा? कालवा आमच्या बापाच्या वावरातून गेला, अन् आपुन एकतिसावे? कोणं बनवलं हे?

हिंमत: माह्या बहिणीनं.

महादेवराव: नाव काय तिचं? सभेत लोक इचारतीन मले, कोणाच्या सांगण्यावरून पाणी सोडता म्हणून.

हिंमत: नाव… ताई, कोणतं सांगू?

ताई: तू नको सांगू. फोन दे त्याइच्या हाती.